दहा इंची नळीत .२२३ची रायफल होत नाही

अमेरिकेत सिंगल-शॉट (एका वेळी एकच काडतूस भरायचे) शिकारी पिस्तूल घेऊ पाहणाऱ्याला हमखास एकच सल्ला मिळतो: ".२२३ रेमिंग्टन घ्या. हातात रायफलची ताकद येते, काडतूस कुठेही मिळते, हरणालाही पुरते. .२२ हॉर्नेट आता मोडीत निघाली." (.२२३ आणि .२२ हॉर्नेट ही काडतुसांची नावे.) यातला काडतूस मिळण्याचा भाग खरा आहे, स्वस्ताईही खरी. बाकीचे तपासून घ्यायला हवे.

रायफलच्या ताकदीचे आधी पाहू. .२२३च्या डब्यावर ५५ ग्रेन (साधारण साडेतीन ग्रॅम) वजनाच्या गोळीला सेकंदाला ३,२४० फूट वेग छापलेला असतो. तो २४ इंची चाचणी-नळीतला. थॉम्पसन सेंटर कंटेंडर या मधून मोडून उघडणाऱ्या पिस्तुलाच्या १० इंची नळीतून तीच गोळी साधारण २,६०० फुटांच्या आसपास निघते. वेग इतका उतरला की ऊर्जा तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटते. गोळी बाहेर पडते तेव्हा मागे वायूचा दाब भरपूर शिल्लक असतो. तो गोळीला पुढे ढकलत नाही, तोंडाशी जाळ आणि स्फोट होऊन वाया जातो.

हा हिशेब रेमिंग्टनने १९६३ सालीच केला होता. एक्सपी-१०० हे बोल्ट-ॲक्शन (मागचा दांडा ओढून काडतूस भरायचे) पिस्तूल आधी .२२२ रेमिंग्टनसाठी घडवले जात होते. आखूड नळीत जाळ आणि आवाज सोसेना, म्हणून पुंगळी (काडतुसाचे पितळी आवरण) १.७०० इंचांवरून १.४०० इंचांवर आणली आणि .२२१ फायरबॉल ही नवी काडतूस-जात जन्मली. १०¾ इंची नळीतून ५० ग्रेन गोळीला २,६५० फूट वेग जाहीर झाला. म्हणजे १० इंची नळीत .२२३ जे देते, जवळपास तेच, पण बऱ्याच कमी दारूत. .२२३ची पुंगळी तर .२२२हूनही लांब, १.७६० इंच. ज्या अडचणीमुळे पुंगळी कापावी लागली, तीच आज लोक हौसेने विकत घेतात.

"आवाजाची सवय होते" असेही सांगतात. सवय होते ती दचकण्याची. चाप ओढताना मनगट आखडते आणि नेम खाली जातो. .२२३ वापरायचीच असेल तर कानात बोळे आणि वर मफ (कान झाकणारे आवरण), दोन्ही हवेत.

हॉर्नेट मोडीत निघाल्याचा दावा मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. १९३० पासून बाजारात असलेल्या या काडतुसाला तळाशी बाहेर आलेली कड आहे, आणि मोडून उघडणाऱ्या पिस्तुलात ही कड लाखमोलाची. पुंगळी कडेवर टेकते, त्यामुळे बसण्याची खोली ठरलेली राहते आणि एक्स्ट्रॅक्टरलाही (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्यालाही) भक्कम पकड मिळते. .२२३ पुंगळीच्या खांद्यावर (ती जिथे निमुळती होते त्या उतारावर) टेकते. वापरलेली पुंगळी पुन्हा भरताना साइझिंग डाय (पुंगळी दाबून मूळ मापावर आणणारा साचा) जास्त खाली बसवली की खांदा मागे सरकतो. मग फायरिंग पिनचा ठोसा पुंगळी पुढे ढकलण्यातच जातो आणि बार फुसका निघतो, किंवा पुंगळी ताणली जाऊन तळाजवळ चमकदार कडे उमटते आणि पुढच्या एखाद्या बाराला ती तिथेच तुटते. डाय थोडी वर ठेवून सुरुवात करा, फेऱ्याच्या लहान अंशाने खाली आणा आणि पिस्तूल जेमतेम मोकळे बंद होऊ लागले की थांबा. टोक वाकवलेली तार पुंगळीत घालून तळाजवळ फिरवा. खाच लागली तर ती पुंगळी टाकून द्या.

हॉर्नेटचे दोषही आहेत. पुंगळीचे पितळ पातळ, त्यामुळे गोळी बसवताना मान (गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग) चुरगळते. तोंडाची आतली कड आधी चॅम्फर करा (तिरकी तासा) आणि शक्यतो फक्त मान साइझ करा. जुन्या नळ्यांत गोळीला गिरकी देणाऱ्या खाचांचा १६ इंचाला एक वेढा असतो आणि इतक्या मंद वेढ्यात जड गोळी स्थिर राहत नाही, म्हणून ४५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या वापराव्यात. .२२३ची पुंगळी कापून फायरबॉल करणाऱ्यांनी मानेची जाडी तपासावी. मान जाड राहिली तर गोळी सोडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक चढतो.

हरणाबद्दल थोडक्यात: नियम राज्यागणिक बदलतात. व्हर्जिनियात हरणाला किमान .२३ कॅलिबर लागते, तिथे .२२३ बेकायदाच. (भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे. हे सारे अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीपुरते.) कायदा परवानगी देतो तिथेही आखूड नळीतली हलकी गोळी हरणावर झाडू नये. जखमी जनावर झुडपात जाऊन तडफडते.

खाण्यासाठी खार किंवा ससा मारायचा तर .२२ एलआर (लाँग रायफल) हे लहान काडतूस. तिची दारू थोडी, बरीचशी १० इंचांतच जळते. वेग फारसा पडत नाही आणि मांसही वाया जात नाही. १० इंची नळीतून प्रेअरी डॉगसाठी (बिळात राहणारा खारीच्या कुळातला प्राणी) हॉर्नेट, स्वतः काडतुसे भरत असाल तर फायरबॉल. .२२३ हवीच असेल तर १४ इंची नळी घ्या. विकत घेण्याआधी नळीचा वेढा विचारा: १२ इंचाला एक असेल तर ५५ ग्रेनच्या वर जाऊ नका.