‘शंका आली की सेन्सर बदला’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पीटी-१०० (तापमानाबरोबर रोध बदलणारा सेन्सर) आणि थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला, तापमानाबरोबर व्होल्टेज देणारा सेन्सर) यांच्या वायरिंगमधले दोष कसे पकडायचे, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “एवढा खटाटोप वायरमन लोकांनी करावा. सेन्सर स्वस्त असतो, शंका आली की बदला, विषय संपला. हातात कॅलिब्रेटर नाही त्यांनी शिकवायला जाऊ नये.” (कॅलिब्रेटर म्हणजे सेन्सर अचूक आहे का ते तपासायचं उपकरण.) शिवाय लेख लांब आहे आणि आकृती नाही, अशीही तक्रार केलीत.

आकृतीचं मान्य. तीन तारांची जोडणी चित्रात लवकर कळते, टाकतो. लांबीबद्दल मला काही म्हणायचं नाही.

“वायरमन लोकांनी” हे मात्र मनाला लागलं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या भट्ट्या आणि चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यांचे ज्यूस हीटर रात्रपाळीला कोणाच्या भरवशावर चालतात? स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टिमीटर घेऊन जाळीवर चढणाऱ्या त्याच माणसाच्या. मतभेद असू द्या, पण त्याला हिणवून मुद्दा सिद्ध होत नाही. माझी उमेदीची वर्षं याच पट्ट्यातल्या कंट्रोल पॅनलसमोर गेली आहेत, त्यामुळे हे ऐकून गप्प बसणार नाही.

आता “बदला, विषय संपला” याकडे येतो. सेन्सर बदलताना माणूस काय काय करतो ते बघा. हेडचं, म्हणजे सेन्सरच्या वरच्या टोकाला तारा जोडायच्या डबीचं, झाकण उघडतो, ओल पुसतो, गंजलेली टोकं कापून नवी काढतो, स्क्रू आवळतो. रीडिंग सुधारतं आणि जुना सेन्सर भंगारात जातो. दोष टर्मिनलवर होता, शिक्षा सेन्सरला झाली. पुढच्या पावसाळ्यात ग्लँडमधून (केबल हेडमध्ये शिरते त्या जोडातून) पुन्हा पाणी शिरतं, की पुन्हा नवा सेन्सर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

ओलीनं किती फरक पडतो? १०० अंशांला पीटी-१०० चा रोध १३८.५ ओहम असतो. हेडमधल्या ओलीमुळे दोन टर्मिनलच्या मधे १० किलोओहमची गळती झाली, तर मीटरला १३६.६ दिसतात. म्हणजे रीडिंग सुमारे ५ अंशांनी कमी. कंट्रोलर वाफेचा व्हॉल्व्ह आणखी उघडतो आणि रस गरजेपेक्षा जास्त तापतो. स्क्रीनवर सगळं ठीकच दिसतं.

तीन तारांच्या पीटी-१०० मध्ये लाल-लाल-पांढरा असे रंग असतात. पॅनलजवळ तारा सोडवून लाल-लाल मोजा. १.५ चौरस मिमी तांब्याची १०० मीटर केबल असेल, तर जाऊन-येऊन साधारण २.४ ओहम यायला हवेत. मग दोन्ही लाल तारा पाळीपाळीनं पांढऱ्याशी मोजा. ३० अंशांला सेन्सरचे १११.७ आणि केबलचे २.४, म्हणजे दोन्ही वेळा ११४ च्या आसपास. एका लाल तारेचा सांधा बिघडला असेल, तर दोन आकड्यांतला फरकच ते सांगतो. पांढऱ्याचा बिघडला, तर दोन्ही आकडे सारखेच वाढतात आणि पाइप तापलाय असं वाटतं. इथेच भलेभले फसतात. उपाय सोपा आहे: हेडमध्ये सेन्सर सोडवा, केबलच्या तिन्ही तारा एकत्र पिळा, पॅनलवर तिन्ही जोड्या मोजा. आकडे सारखे यायला हवेत. पांढऱ्याच्या दोन्ही जोड्या ४.४ आणि लाल-लाल २.४ आली, तर पांढऱ्यात २ ओहम जास्त आहेत, म्हणजे ५ अंशांची चूक. आता सांगा, नवा सेन्सर लावून ही चूक जाते का? मोजण्याआधी मीटरची टोकं एकमेकांना लावून त्यांचा रोध वजा करायला विसरू नका.

थर्मोकपलमध्ये तर सेन्सर बदलूनही वायरिंगची चूक तशीच राहते. के-टाइप या थर्मोकपलच्या प्रकाराची केबल हेडमध्ये उलटी जोडली, की भट्टी तापताना रीडिंग विचित्र वागतं. मग कोणीतरी पॅनलवरही तारा उलट्या करतो आणि आकडा “सुधारतो”. हेड ७० अंशांवर आणि पॅनल ३५ वर असेल, तर फरकाच्या दुप्पट, म्हणजे ७० अंशांनी कमी दाखवतो. स्क्रीनवर ८५०, आत ९२०. माल क्वेंचिंगला (तापलेला माल एकदम थंड करताना) तडकतो आणि दोष स्टीलवर जातो. रंगांचाही घोळ आहे: आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे के-टाइपची धन तार हिरवी आणि ऋण पांढरी, अमेरिकन पद्धतीत धन पिवळी आणि ऋण लाल. लाल म्हणजे धन समजून जोडणारे अजूनही आहेत. शंका आली तर तारेला लोहचुंबक लावा. के-टाइपची ऋण तार चिकटते. साध्या तांब्याच्या वायरनं लांबी वाढवली असेल, तर याच तापमानांना रीडिंग ३५ अंश कमी येतं. आणि केबल मधेच शॉर्ट झाली, तर शॉर्टच्या जागेचं तापमान दिसतं, भट्टीचं नाही.

मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावताना दोन्ही टोकं सोडवा, नाहीतर ट्रान्समीटरचं (सेन्सरचा सिग्नल पुढे पाठवणाऱ्या यंत्राचं) इनपुट जाईल. पीटी-१०० ला १०० व्होल्ट पुरेत, आणि तार ते शीथ (सेन्सरचं धातूचं आवरण) १०० मेगाओहमच्या वर हवं. ग्राउंडेड जंक्शनचा, म्हणजे सांधा शीथलाच जोडलेला थर्मोकपल शीथशी शून्य दाखवणारच, तो दोष नाही.

राहिला कॅलिब्रेटर. असेल तर वापरा, कोण नको म्हणतंय? पण नुसता सेन्सर काढून त्यावर तपासला, तर हेड ते पॅनल गेलेली केबल तपासली जात नाही. आणि उकळत्या पाण्यात सेन्सर तपासणार असाल तर लक्षात ठेवा, बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी साधारण ९७.५ अंशांना उकळतं, म्हणजे १३७.६ ओहम. १३८.५ आले नाहीत म्हणून चांगले सेन्सर फेकू नका.

बाकी तुमच्या प्लांटमध्ये नुकताच बदललेला एखादा सेन्सर असेल, तर तिन्ही तारा हेडमध्ये पिळून पॅनलवरचे तीन आकडे इथे टाका. पुढचं बोलणं आकड्यांवर करू.