शेजारचा प्लॅटफॉर्म पेटला, तर

अभिनंदन! समुद्रात प्लॅटफॉर्म उभारून तेल आणि वायू काढणाऱ्या कंपन्यांनी संकटात एकमेकांना बोटी, माणसं, सामान द्यायचं, असा त्यांचा परस्पर मदत करार असतो. त्यासाठी तुमची समन्वयक म्हणून नेमणूक झाली आहे. दडपण घेऊ नका. खुर्ची सुखाची आहे, फक्त शेजारधर्म नीट समजून घ्यायला हवा.

करार नेहमी शेवटून वाचायला घ्या. पहिल्या पानावरचं 'मानवी जीवित सर्वोपरी' वगैरे भाषणांसाठी असतं. खरा माल मागच्या पानांत आहे. 'उपलब्धतेनुसार', 'शक्य तितके' आणि 'स्वतःच्या कामकाजास बाधा न येता' एवढ्या तीन शब्दप्रयोगांत तुमच्या सगळ्या बोटी सुखरूप नांगरून राहतात. मग प्रश्न भाड्याचा. बोट गेली तर दिवसाचं भाडं कुणाच्या खात्यात टाकायचं, आग विझवायला वापरलेला फोम कोण भरून देणार, बोटीला पोचा आला तर विमा कुणाचा? ही कलमं वकिलांकडे पडून राहू द्या. भिजत पडलेलं घोंगडं कधी पेट घेत नाही.

आपत्ती आराखडा स्वतः लिहिण्याचा आगाऊपणा करू नका. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' रिगवर स्फोट होऊन अकरा माणसं गेली. जूनमध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीपुढे पाच बड्या तेल कंपन्यांचे प्रमुख हजर झाले, तेव्हा उघड झालं की सहकार्य तर आधीपासूनच जोरात होतं. पाचही गळती-आराखडे जवळजवळ एकसारखे होते. आखातात तेल सांडलं तर वॉलरसांची काळजी घेण्याचा उल्लेखही त्यांतल्या काहींमध्ये होता. वॉलरस राहतो उत्तरेच्या बर्फात, पण माणुसकीला अंतर कसलं? ज्यांना फोन करायचा त्या तज्ज्ञांमध्ये एक गृहस्थ असे होते, जे २००५ सालीच वारले होते. मला विचाराल तर यादीत असाच तज्ज्ञ हवा. तो मानधन मागत नाही, उलटतपासणी करत नाही, आणि फोन उचलला नाही म्हणून त्याला कुणी नोटीसही काढत नाही.

मॉक ड्रिल टेबलावरच उरका. समुद्रात घेतलीत तर नको ते कळतं. एका ड्रिलला मी हजर होतो. शेजाऱ्यांच्या बोटीचा होज, म्हणजे पाण्याचा जाड पाइप, आमच्या आग विझवायच्या पाण्याच्या लाइनला जोडायचा होता. बोट वेळेवर आली, होज वर चढला आणि दोन माणसं हातात एकेक टोक धरून एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. त्यांच्या पाइपचं जोडतोंड, म्हणजे कपलिंग, आमच्यात बसेना. अ‍ॅडॅप्टर होता, नाही असं नाही. हरवू नये म्हणून तो किनाऱ्यावरच्या गोदामात कुलपात ठेवलेला होता. अहवालात आम्ही लिहिलं, 'दोन्ही बाजूंचा संपर्क समाधानकारक.' हेलिकॉप्टर उतरायच्या हेलिडेकचंही तसंच. किती लांबीचं हेलिकॉप्टर उतरू शकतं, तो आकडा डेकवर ठळक रंगवलेला असतो. शेजाऱ्याचं हेलिकॉप्टर त्याहून लांब आहे का, हे रंगाऱ्याला विचारायचं नसतं आणि तुम्हालाही.

आता मुख्य धडा. हा मात्र पाठ करा.

६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रात 'पायपर अल्फा' हा प्लॅटफॉर्म पेटला. त्याचं तेल ज्या पाइपलाइनने ऑर्कनी बेटांवरच्या फ्लोटा टर्मिनलला जायचं, तिलाच 'टार्टन' आणि 'क्लेमोर' हे दोन शेजारी जोडलेले होते. टार्टन दुसऱ्या कंपनीचा, क्लेमोर तर पायपरच्याच कंपनीचा, म्हणजे घरचाच. रेडिओवर 'मेडे', म्हणजे 'वाचवा' अशी हाक गेली. शेजाऱ्यांचे पंप चालूच राहिले. क्लेमोरवर हाताखालचा अधिकारी 'बंद करू या' म्हणून पुन्हा पुन्हा सांगत होता, पण साहेबांना आधी किनाऱ्यावरच्या ऑफिसशी बोलायचं होतं. शेजाऱ्यांच्या दाबामुळे पाइपलाइनमधलं तेल उलटं फिरून पायपरच्या आगीत पडत राहिलं. पहिल्या स्फोटानंतर वीसेक मिनिटांत टार्टनकडून येणारी वायूची लाइनही फुटली. १६७ माणसं गेली. त्यांतले दोघे पायपरवरचे नव्हतेच. ते मदतीसाठी जवळ तैनात असलेल्या एका स्टँडबाय बोटीच्या छोट्या बचाव नौकेतून माणसं उचलायला गेले होते. कुठलं कलम त्यांनी वाचलं होतं, कुणास ठाऊक.

यातून घ्यायचं ते एवढंच, की शेजाऱ्याला देता येणारी सगळ्यात स्वस्त मदत म्हणजे आपला व्हॉल्व्ह बंद करणं, आणि नेमकी तीच देऊ नये. बोट पाठवली तर फोटो येतो, प्रसिद्धिपत्रक निघतं. बंद व्हॉल्व्हचा फोटो कोण छापणार? वर सकाळच्या उत्पादन अहवालात खड्डा दिसतो तो वेगळाच. पुढे १९९० मध्ये पायपरच्या दुर्घटनेवरच्या लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात १०६ शिफारशी आल्या आणि उद्योगाने त्या सगळ्या मान्य केल्या. मान्य करण्यात आपला धंदा कधी मागे नसतो.

वाईट उदाहरणांपासूनही सावध राहा. डीपवॉटर होरायझनला लागून 'डेमन बँकस्टन' नावाची पुरवठा बोट उभी होती. स्फोटानंतर तिने ११५ माणसं आपल्यावर घेतली. संकटातल्या माणसाला मदत करणं हे कप्तानाचं कर्तव्य, असं सागरी कायदा सांगतो आणि त्याला कंपन्यांच्या सह्या लागत नाहीत. अशाने समन्वयकाला काम काय उरणार?

खरी दूरदृष्टी कंपन्यांनी दाखवली. डीपवॉटर होरायझनच्या विहिरीतून समुद्रात वाहणारं तेल ८७ दिवसांनी, १५ जुलैला थांबलं. २१ जुलैला चार बड्या कंपन्यांनी अशा विहिरी आवरायला शंभर कोटी डॉलर खर्चून सामायिक यंत्रणा उभारण्याची घोषणा केली. वरात पोचली, जेवणं झाली, मागून घोडं आलं. पण आलं, हे महत्त्वाचं. आज विहिरीच्या तोंडावर बसवायची अजस्र झाकणं नॉर्वे, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि सिंगापूरमध्ये तयार ठेवलेली आहेत. तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये जगाचा नकाशा टाका आणि चार ठिपके दाखवा. तिथून तुमच्या विहिरीपर्यंत ते धूड कुठल्या जहाजाने यायचं, ही स्लाइड करू नका. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असला, तरी बंब आहे ना?

आणि एखाद्या रात्री दोन वाजता खरंच फोन आला, तर गडबडून जाऊ नका. पलीकडचा माणूस ओरडत असेल. त्याला शांतपणे करार क्रमांक विचारा. मागून येणाऱ्या आवाजाची 'लाइनमध्ये खरखर' अशी नोंद करा. पॅनेलवर पाइपलाइनचा दाब नेहमीपेक्षा जरा कमी दिसेल. पंप थोडा वाढवा, म्हणजे दाब पूर्ववत होईल.