‘रक्तातच हाय त्याच्या’ : एका फॉरवर्डला उत्तर

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं: मुलाचा निम्मा स्वभाव जनुकांतून येतो, हे जुळ्यांच्या अभ्यासातून सिद्ध झालंय; मारकुटं पोर जन्मतःच मारकुटं, म्हणून वर्ग त्याला जवळ करत नाही; शाळा, दोस्त, संस्कार यांनी काही फरक पडत नाही; तेव्हा असल्या पोरांची तुकडीच वेगळी करा. खाली अंगठ्यांची रांग, आणि कुणीतरी ‘खाण तशी माती’ टाकलेलंच. पहिली ओळ अर्धी खरी आहे, म्हणून तिच्या मागून बाकीचं सगळं खपतंय.

तर आधी तो ‘निम्मा’. आकडा हवेतला नाही. जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांतल्या २,७४८ संशोधनांचा एकत्र हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात १७,८०४ गुणधर्म होते आणि सरासरी अनुवंशिकता, म्हणजे फरकांतला जनुकांचा वाटा, ४९ टक्के निघाली. पण हा आकडा माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याबद्दल बोलतो. एका पोराच्या आत जनुकं किती आणि घर किती, हे तो सांगतच नाही. आपल्या शिवारात बघा. को-८६०३२ या उसाच्या वाणाची लावण कांड्यांची, म्हणजे अख्ख्या फडातला ऊस जनुकांच्या हिशेबानं एकच. पाटाकडचा मनगटाएवढा झाला आणि बांधाकडचा बोटाएवढा राहिला, तर तो फरक सगळाच्या सगळा पाण्याचा, खताचा, मातीचा. त्या फडात अनुवंशिकता शून्य! म्हणून वाणाला किंमत नाही, असं करवीर तालुक्यातला कुठला शेतकरी म्हणेल? उलट, एकाच रानात चार वाण लावून सगळ्यांना सारखं पाणी दिलं, तर फरक वाणाचाच दिसेल, आणि तरीही पाणी बंद केलं की चारही वाळतील. आकडा त्या रानातल्या फरकांचा असतो, उसाच्या पोटातला नव्हे.

‘दोस्तांनी फरक पडत नाही’ हे वाक्य तर ज्या जुळ्यांची साक्ष काढली, त्यांनीच खोडलंय. कॅनडातल्या माँट्रियल परिसरात १९९५ ते १९९८ दरम्यान जन्मलेल्या जुळ्यांचा पाठपुरावा तिथले संशोधक करत आलेत. मारा ब्रेंडगेन आणि सहकाऱ्यांनी ही मुलं सात वर्षांच्या आसपास असताना त्यांच्या दोस्तांचीही वागणूक पाहिली. ज्यांना मारामारीची जनुकीय ओढ होती, त्यांच्यावर मारकुट्या दोस्ताचा परिणाम जास्त झाला. अफवा पसरवणं, कुणाला गटातून काढणं या आडून केलेल्या त्रासाचं मात्र वेगळं निघालं: तो गुण जनुकं कशीही असोत, दोस्ताकडून लागत होता. ढवळ्याशेजारचा पवळ्या आपल्याला ठाऊक आहेच. याच जुळ्यांवरच्या पुढच्या कामात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या वर्गात हाणामारी करणाऱ्याला भाव मिळतो, तिथं ती ओढ जास्त बाहेर येते.

आता ‘वर्ग जवळ करत नाही, कारण पोर तसलंच’. यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तापट पोर स्वतःच्या वागण्यानं दोस्त तोडतं. म्हणजे जनुकं काही अंशी आपल्याभोवतीची माणसंही ठरवतात. पण मेसेज इथंच थांबतो. पीटीच्या तासाला फुटबॉलची टीम पाडताना बघा. दोन कॅप्टन एकेक गडी उचलत जातात, शेवटी एकच उरतो, आणि मग ‘घे की तुझ्याकडं’, ‘नगं, तूच घे’ सुरू होतं. त्याच्यादेखत. पाच मिनिटांनी बॉल त्याच्या पाठीत बसतो. चुकून बसला की मुद्दाम? मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये हेच तपासलं होतं: हेतू स्पष्ट नसेल तिथं आक्रमक मुलगे ‘मुद्दामच केलं’ असं धरून चालतात. मग हा वळून बुक्की घालतो आणि पुढच्या तासाला कुणीच त्याला घेत नाही. डॉज आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असंही दाखवलं की वर्गानं झिडकारणं हे पुढच्या आक्रमकतेत भर घालतं, आणि ती भर मुळात तापट असलेल्या मुलांतच दिसते. ओढ जनुकांची असेलही, तिला खतपाणी घालतो तो वर्ग.

मेसेजमध्ये ‘योद्धा जनुक’ही येतं, म्हणजे मारामारीशी जोडलं जाणारं एमएओए हे जनुक; त्याबद्दल फार लिहीत नाही. न्यूझीलंडच्या डनेडिनमधला २००२ चा तो गाजलेला अभ्यास सांगतो की त्या जनुकाचा प्रकार आणि लहानपणी झालेले हाल, दोन्ही एकत्र आले तर धोका वाढतो. मेसेजनं हाल गाळले, जनुक ठेवलं.

राहिली वेगळी तुकडी. मला राग याचाच आहे, कारण इथं चुकीचं विज्ञान थेट पोराच्या बाकापर्यंत पोचतं. बिघडू पाहणारी मुलं सुधारणेसाठी एकत्र बसवली, तर ती एकमेकांच्या टवाळीला हसून दाद देतात आणि काही उपक्रमांत त्यांचं वागणं आणखी बिघडलं, हे थॉमस डिशियन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच मांडलंय. ‘ड’ तुकडीत शिकवलेल्या कुठल्याही गुरुजींना विचारा, संशोधन न वाचता हेच सांगतील. पेठेतली जुनी माणसं दांडगं पोर तालमीत घालायची, वेगळं काढायची नाहीत. हौद्यात वस्तादाचा शब्द चालायचा. ताकदीला मान, बाहेर हात उचलला तर जोर-बैठका. (सगळ्या तालमी अशाच होत्या असं नाही, ज्या टोळक्यात भांडकुदळाचाच उदोउदो होतो तिथं नेमकं उलटं घडतं.)

अमेरिकेत बाल्टिमोरच्या शाळांत १९८५-८६ साली पहिलीच्या वर्गांत एक साधा खेळ लावला. बाईंनी वर्गाचे गट पाडायचे, दंगेखोर पोरं सगळ्या गटांत विखरून टाकायची, आणि बक्षीस मिळालं तर अख्ख्या गटाला. मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिलं, तर सगळ्यांत जास्त फायदा पहिलीत सगळ्यांत आक्रमक असलेल्या मुलग्यांना झालेला होता.

तेव्हा पुढच्या पालकसभेत तुकडी बदलून मागण्याआधी सरांना एवढंच विचारा, की पीटीला टीम कोण पाडतं, तुम्ही की पोरं? पोरं पाडत असतील तर उद्यापासून हजेरीपटाच्या क्रमानं सरांनी पाडावी. पैसा लागत नाही, परिपत्रक लागत नाही.