पाण्यात पारा सापडला नाही, म्हणजे कोडाईकनाल स्वच्छ?

तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या, हिंदुस्तान युनिलिव्हरच्या पाऱ्याच्या थर्मामीटर कारखान्याचा विषय निघाला की हे हमखास ऐकायला मिळतं: कारखाना 2001 मध्ये बंद झाला, सांडलेला पारा कधीच उडून गेला, पाण्यात आता काही सापडत नाही, मातीचे नमुनेही ठीक आलेत, मग माती कशाला उकरायची? यातलं साल तेवढं बरोबर आहे.

पारा उडतो, मान्य. पण मातीत मुरलेला सगळा उडत नाही. कुजलेल्या पाल्यातल्या गंधकयुक्त घटकांना तो घट्ट धरून बसतो, आणि कारखान्याखालच्या पांबार शोला या डोंगरी सदाहरित जंगलात असा पाला भरपूर आहे. उडालेलाही कुठे तरी बसतोच. हैदराबादच्या अणुऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी कोडाईतलं हवेतला पारा धरून ठेवणारं दगडफूल आणि शेवाळ तपासून 2003 मध्येच हे दाखवून दिलं होतं.

पाण्याचं म्हणाल, तर पारा बारीक कणांना चिकटून तळाशी जातो. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम आहे. पाणी त्यात बसलं, तरी ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू त्याच पाऱ्याचं मिथिल मर्क्युरी हे जास्त विषारी रूप करतात आणि ते माशांत साठत जातं. जपानमध्ये अशाच माशांमुळे लोकांना विषबाधा झालेल्या मिनामाटाच्या खाडीतला गाळ काढून बंदिस्त करायला 1977 ते 1990 इतका काळ लागला.

आता 'नमुने ठीक आले'. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. पाऱ्याचा 1 मिलिमीटरचा मणी साधारण 7 मिलिग्रॅम भरतो. प्रयोगशाळा अर्धा ग्रॅम माती घेते. त्यात तो मणी आला तर आकडा किलोला 14,000 मिलिग्रॅम. नाही आला तर जवळपास काहीच नाही. बाटली एकच, माती एकच! म्हणून नमुना नीट कालवून तीन-चारदा मोजावा लागतो. तो नेहमीसारखा 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवला, तर मोजायचा पारा मोजण्याआधीच निघून जातो. हातात धरायचं एक्स-रे यंत्र जास्त दूषित जागा हुडकायला चांगलं, पण किलोला 1-2 मिलिग्रॅम पारा त्याला दिसत नाही.

सफाईसाठी किलोला 20 मिलिग्रॅमचं उद्दिष्ट ठरलं. जंगलाच्या डोक्यावरच्या जागेसाठी मला ते फार सैल वाटतं. त्यात नऊ नमुने 2 चे आणि एक 100 चा असला, तरी सरासरी 12 च्या आतच येते. कुणी सरासरी पुढे केली, तर प्रत्येक खड्ड्याचा वेगळा आकडा, खोली आणि नमुना वाळवायची पद्धत मागा.