काटा माळ्यावर टाका, टेप घ्या

दुसऱ्याच्या मालावर पैसे कमवायचेत? मग आधी काटा माळ्यावर टाका. काटा खरं बोलतो. परवा भाचीला बंगळुरूला 2 किलो कुरडया कुरियरनं पाठवल्या, तर काउंटरवरच्या मुलानं सरळ खोक्याला टेप लावला. 40 गुणिले 30 गुणिले 30 सेंटिमीटर, भागिले 5000. "काकू, 7.2 किलो. 8 धरतो."

वजनाऐवजी जागा मोजायची ही विद्या जुनीच आहे. जहाजाचा टन मुळात वजन नव्हताच, ते 252 गॅलनचं दारूचं पिंप. जहाज केवढं? तर अशी पिंपं मावतील तेवढं.

पिंपांचा कंटाळा आला की सूत्र काढा. 1773 चा ब्रिटिश कायदा बघा: लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा, गुणिले रुंदी, गुणिले निम्मी रुंदी, भागिले 94. आणि खोली? भरल्या जहाजात उतरून कोण मोजणार! रुंदीच्या निम्मी धरली की झालं. मग टनावरचा कर वाचवायला बांधणाऱ्यांनी रुंदी चोरली, खोली वाढवली. कागदावर टन कमी, पोटात माल जास्त. ही चिंचोळी धुडं समुद्रात धड चालत नसत, पण बुडला तर खलाशी बुडेल, सूत्र थोडंच बुडतंय! साठेक वर्षं हे चाललं. 1854 साली मूरसम नावाच्या इंग्रजाच्या पद्धतीनं आतली जागा मोजून 100 घनफुटांचा टन ठरला, तर पुढे मालकांनी डेकला मुद्दाम भोक ठेवून वर फळ्या टाकल्या. जागा 'उघडी', मोजायची नाही! त्यांना मी नावं ठेवणार नाही. पुढच्या खेपेला माझ्याही खोक्याला भोक असेल.

नियम मधेच बदला. सुएझ कालवा काढणाऱ्या लेसेप्सनं 1872 साली टोल घेताना इंजिनाची जागाही टनात धरली. त्या भांडणापायी वर्षभरात कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरवावी लागली.

डेन्मार्कच्या राजाकडून मात्र काही शिकू नका. हेल्सिंगोरला, समुद्राच्या चिंचोळ्या वाटेवर, तो येणाऱ्या जहाजाच्या कप्तानालाच मालाची किंमत विचारून टोल घ्यायचा, आणि किंमत कमी वाटली तर त्याच भावात माल विकत घ्यायचा. धंद्याची अक्कलच नाही.

मी त्या मुलाला विचारलं, "हरवलं तर 8 किलोची भरपाई ना?"

"नाही काकू, भरपाई खऱ्या वजनावर."

खऱ्या वजनावर! म्हणजे खरं वजन माहीत आहे की तुम्हाला! घेताना टेप आणि देताना काटा? जरा तरी लाज बाळगा. जागेचे पैसे हवेत तर घ्या, पण मग भरपाईही जागेवर द्या. आणि खोकं तुमच्याच दुकानातलं होतं. लहान मागितलं तर "संपलंय" म्हणालात. एवढं करून भाचीच्या हातात पडला तो चुरा.