‘पोएम करा नि विसरा’? इतकं सोपं नाहीये ते

दादर-परळकडच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतंय, अ‍ॅकलेशियाच्या पेशंटसाठी, म्हणजे ज्यांना घास सोडा, पाणीसुद्धा छातीत अडकतं त्यांच्यासाठी. म्हणे पोएम (तोंडातून एंडोस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या वॉल्वचा स्नायू कापतात ते) केलं की आजार कायमचा जातो, ते सर्जरीपेक्षा भारी आणि साइड इफेक्ट शून्य, फुग्याने तो वॉल्व ताणणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि कट अन्ननलिकेच्या मागच्या बाजूनेच घेणारा डॉक्टर शोधा. आमच्या मावशीला हाच आजार आहे आणि हे वाचून ती ठरलेली तपासणीच कॅन्सल करायला निघाली, म्हणून लिहितोय.

कायमचा जातो हे तर साफ चूक. अन्ननलिकेच्या भिंतीतल्या नसांच्या पेशीच मेलेल्या असतात, त्यामुळे खालचा वॉल्व उघडत नाही आणि नळीची घास ढकलायची ताकदही गेलेली असते. कुठलाही इलाज फक्त वॉल्व ढिला करतो, ढकलायची ताकद परत आणत नाही. गिळणं खूप सुधारतं, पण फॉलोअप सुटत नाही.

आता ‘साइड इफेक्ट शून्य’. बाहेरून टाका नाही हे खरं. पूर्ण भूल देऊन तोंडातून एंडोस्कोप घालतात, आतल्या अस्तराला छोटा छेद देऊन भिंतीतच बोगदा करत खाली जातात, वॉल्वचा स्नायू कापतात आणि येताना छेद क्लिप लावून बंद करतात. जपानच्या इनोउए यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा पेशंटवर केलं. पण २०१९ मध्ये २२१ पेशंटवर पोएम आणि दुर्बिणीची हेलर सर्जरी (पोटाला छोटी भोकं पाडून तोच स्नायू बाहेरून कापतात ती) यांची तुलना छापून आली, त्यात दोन वर्षांनी यश ८३ टक्के विरुद्ध ८२ टक्के, म्हणजे जवळपास सेम, आणि अ‍ॅसिडने अन्ननलिका सुजलेली दिसली ती पोएममध्ये ४४ टक्के लोकांत, सर्जरीत २९. कारण सरळ आहे, सर्जन स्नायू कापल्यावर जठराचा भाग वर आणून शिवतो, अ‍ॅसिड वर येऊ नये म्हणून, आणि साध्या पोएममध्ये ते होतच नाही. त्यात जळजळ सगळ्यांनाच जाणवते असं नाही, म्हणून नंतरही एंडोस्कोपी करून बघावं लागतं. हे त्या फॉरवर्डमध्ये एका ओळीतही नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

फुग्याचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. २०११ च्या युरोपातल्या ट्रायलमध्ये दोन वर्षांनी फुगा ८६ आणि हेलर ९० टक्के, फार फरक नाही. मग २०१९ मध्ये पोएम ९२ आणि फुगा फक्त ५४ असं आलं आणि लोक तेवढंच उचलून धावले. पण पहिल्या ट्रायलमध्ये त्रास परत आला तर पुन्हा ताणायला परवानगी होती, दुसरीत सुरुवातीलाच एक-दोनदा ताणायचं आणि त्यानंतर गरज पडली तर फेल धरायचं. शिवाय तिथेही अन्ननलिकेची सूज फुगावाल्यांत ७ टक्के, पोएमवाल्यांत ४१. फुग्याने अन्ननलिका फाटायची थोडी भीती असते, ती आहेच, कोणी नाकारत नाही.

हां, एका ठिकाणी पोएमची बाजू खरंच भक्कम आहे. अ‍ॅकलेशियाचे तीन टाइप असतात, त्यातल्या टाइप ३ मध्ये वॉल्वच्या वरच्या भागातही स्नायू आवळतो, आणि पोएममध्ये कट हवा तितका वरपर्यंत लांबवता येतो. पण टाइप कळतो मॅनोमेट्रीने, नाकातून बारीक नळी घालून दाब मोजतात ती टेस्ट, आणि मावशी नेमकी तीच कॅन्सल करत होती!

राहिला पुढून की मागून कट. याच्याही तुलना झाल्यात, एक आपल्या हैदराबादेत, आणि गिळण्यातल्या सुधारणेत दोन्ही सारखेच निघाले. आधी हेलर झालेल्या पेशंटला मागून बरं पडतं, कारण जुना व्रण पुढच्या बाजूला असतो. बाकी डॉक्टरचा हात ज्या बाजूला बसलाय ती बाजू. त्यामुळे विचारायचंच तर असं विचारा की तुम्ही अशा किती केसेस केल्यात, आणि नंतर अ‍ॅसिडसाठी कधी बोलावणार.