दोन घाट आहेत, म्हणून ९९.७५ टक्के?

मुंबईहून मालगाडीला देशावर चढायला दोन घाट: कसारा-इगतपुरी आणि कर्जत-लोणावळा. प्रत्येक ९५ टक्के दिवस चालू धरला, तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता ०.०५ × ०.०५, म्हणजे मालपुरवठा ९९.७५ टक्के भरवशाचा. असा हिशेब सहज मांडता येतो. गुणाकार बरोबर आहे, पण उत्तर भलत्याच प्रश्नाचं आहे. या हिशेबामागचे दावे एकेक पाहू.

‘एक घाट उघडा, म्हणजे माल पोचला.’ किती माल? समजा, मालगाड्यांना प्रत्येक घाटात रोज १० पाथ मिळतात (पाथ म्हणजे एक गाडी जाण्यासाठी राखलेली वेळ). कंटेनरला ६ लागतात, सिमेंटला ८; एकूण १४. एकाच घाटात ते बसत नाहीत. दोन्ही घाट चालू हवेत, म्हणजे ०.९५ × ०.९५ = ९०.२५ टक्के.

‘प्रत्येक माल वेगळा तपासलाय.’ खरी गफलत इथेच. एकटा कंटेनर १० पाथमध्ये बसतो, एकटं सिमेंटही बसतं, दोघांना ९९.७५ मिळतात, गुणले तर साधारण ९९.५. पण ते १० पाथ दोघांच्याही नावावर मांडलेत! शिवाय एक घाट बंद झाला की वळवलेल्या मेल-एक्स्प्रेसना आधी वाट मिळते. १ : ३७ च्या चढाला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, तीही मोजकीच. मालाला ५ पाथ उरले, तर एकट्या कंटेनरचाही आकडा ९०.२५ वर येतो.

‘घाट स्वतंत्रपणे बंद पडतात.’ पाऊस एकच असतो. जुलै २०२१ मध्ये दोन्ही घाटांत एकाच वेळी दरडी आल्या. बंदच्या ५ टक्क्यांपैकी ३ टक्के दिवस सामाईक धरा. किमान एक घाट उघडा असण्याची शक्यता ९७ च्या वर जात नाही. गंमत म्हणजे दोन्ही उघडे असण्याची शक्यता मात्र ९०.२५ वरून ९३ वर जाते, कारण बंदचे दिवस एकमेकांवर पडतात. म्हणजे एक घाट पुरतो की दोन्ही लागतात यावर उत्तर बदलतं; म्हणून आकड्यासोबत मागणीही लिहावी लागते.

मग मोजायचं कसं? प्रत्येक दुव्याच्या, म्हणजे घाटासारख्या मार्गाच्या तुकड्याच्या, अवस्था लिहा: पूर्ण चालू, घाटातल्या तीनपैकी एक लाइन बंद, सगळं बंद. अवस्थांच्या प्रत्येक जुळणीत सगळे माल एकत्र बसतात का ते तपासा आणि बसतात त्या जुळण्यांच्या शक्यतांची बेरीज करा. शक्यता काढताना सामाईक पाऊस धरा. १० दुव्यांना ३ अवस्था म्हणजे ५९,०४९ जुळण्या, संगणकाला किरकोळ. दुवे वाढले तर सगळ्या जुळण्यांऐवजी शक्यतेनुसार काही नमुने काढून मोजा. मधली अवस्था गाळू नका. मालगाड्यांचे पाथ आधी तिथेच कापले जातात.